दोन चाकांची ओढ की चारही चाकांची? किन्नौर-स्पितीतील एक पारख

निवृत्तीनंतर वर्षातले काही महिने गाडीतच मुक्काम करून देश पाहायचा, असे आम्ही उभयतांनी ठरवले, तेव्हा गाडी कोणती घ्यावी यापेक्षा ती फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेली, असावी की नसावी, यावरच घरात अधिक वाद झाला. पत्नीचे थोरले बंधू, ज्यांना मीही दादाच म्हणतो, हे फोर बाय फोरचे कट्टर पुरस्कर्ते आहेत. त्यांच्याकडे पाच दारांची फोर्स गुरखा आहे आणि त्या गाडीची पुढची-मागची दोन्ही डिफरन्शियल (आसावरच्या दोन चाकांत जोर वाटणारी यंत्रणा) लॉक करता येतात, म्हणजे दोन्ही चाके एकत्र फिरायला बांधता येतात, हे ते पहिल्या पाच मिनिटांत कोणालाही सांगतात. माझे म्हणणे असे होते की, ज्या गाडीत पलंग, ओटा, गॅसची शेगडी आणि शंभर लिटर पाणी घेऊन आपण फिरणार, तिची गणिते जीपपेक्षा वेगळी असतात.

हा निर्णय पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केले आहे. मागच्या चाकांवर चालणारी गाडी आज घ्यायची आणि गरज भासली तर पुढे तिला चारही चाकांची ओढ बसवायची, ही वाट त्यामुळे व्यवहारात बंदच आहे. म्हणून दोन्ही प्रकारच्या गाड्या हिमाचलमधल्या किन्नौर-स्पितीच्या एकाच रस्त्यावर, एकाच प्रवासात चालवून पाहायचे ठरले. दादा आणि वहिनी गुरखा घेऊन पुण्याहून निघाले. आम्ही विमानाने चंदीगड गाठले आणि तिथे टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर बांधलेला, मागच्या चाकांवर चालणारा कॅम्पर भाड्याने घेतला. जूनची अखेर होती. स्पितीहून मनालीकडे नेणारी कुंझुम खिंड उघडलेली होती आणि बर्फ वितळून नाले भरून वाहत होते, त्यामुळे परीक्षेला हाच काळ योग्य होता.

पहिला दिवस : चंदीगड ते नारकंडा

या दिवसाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. शिमल्यापर्यंतचा रस्ता रुंद आहे, त्यानंतरचा वळणांचा असला तरी उत्तम डांबरी आहे. गुरखाचा फोर बाय फोरचा गिअर अर्थातच हलवावा लागला नाही. कोरड्या डांबरावर तो टाकायचाही नसतो, कारण अशा पार्ट-टाइम पद्धतीत पुढचा आणि मागचा आस एकाच वेगाने फिरण्यास बांधले जातात आणि वळणावर त्याचा ताण गिअरपेटीवर येतो. कॅम्पर मात्र प्रत्येक वळणावर आपले वजन जाणवून देत होता.

दुसरा दिवस : नारकंडा ते रक्छम

रामपूर सोडल्यावर सतलजच्या काठाने जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५ तरांडा परिसरात उभा कडा कोरून काढलेला आहे. छतासारखा पुढे आलेला खडक आणि खाली दरी अशा जागी माझी नजर चाकांपेक्षा छतावर बसवलेल्या वातानुकूलन यंत्राकडे अधिक जात होती. हिमाचल परिवहनच्या बसेस इथून रोज जातात, म्हणजे उंचीची अडचण नसणार हे डोक्याला कळत होते, पण हाताला पटत नव्हते. करछमला बास्पा नदी सतलजला मिळते. तिथून सांगला खोऱ्यात वळलो आणि रक्छमजवळ नदीकाठच्या एका कुरणावर, शेतमालकाची परवानगी घेऊन, दोन्ही गाड्या उभ्या केल्या. रात्री बराच वेळ पाऊस पडला.

तिसरा दिवस : रक्छम, छितकुल, कल्पा

फोर बाय फोरचा पहिला आणि निर्विवाद विजय खिंडीत किंवा नाल्यात झाला नाही. तो झाला या कुरणावर. दिसायला जवळजवळ सपाट, पण रस्त्याच्या दिशेने जेमतेम चढ असलेल्या ओल्या गवतावर कॅम्परचे मागचे डावे चाक जागच्या जागी फिरू लागले आणि उजवे स्तब्ध राहिले. साध्या डिफरन्शियलचा स्वभावच असा आहे की, दोन्ही चाकांना तो सारखाच जोर देतो. म्हणजे एक चाक घसरू लागले की दुसऱ्यालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो, मग इंजिनाची ताकद कितीही असो. अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याने फक्त चिखल उडतो आणि खड्डा खोल होतो.

दादांनी गुरखा फोर-हायमध्ये, म्हणजे चारही चाकांची ओढ पण नेहमीचेच गिअर अशा स्थितीत, टाकली आणि ती त्याच गवतावरून सहज वर आली. नंतर पट्टा लावून त्यांनी कॅम्परही ओढून काढला आणि म्हणाले, "जावईबापू, आता आणखी पुरावा हवा आहे का?" पुरावा जबरदस्त होता, हे मी मान्य केले. कॅम्परवाल्यांची गाडी सर्वाधिक वेळा अडकते ती अशाच मुक्कामाच्या जागेवर, ओल्या गवतावर किंवा मऊ वाळूवर. तिथे गाडी रात्रभर उभी असते, चाके किंचित रुतलेली असतात आणि निघताना वेगाचा आधार मिळत नाही. पण याच जागी चाकांखाली घालायच्या दातेरी फळ्या असत्या, किंवा आदल्या संध्याकाळी तोंड उताराकडे करून गाडी लावली असती, तरी काम झाले असते असे पत्नीने शांतपणे सांगितले आणि तिचा मुद्दा दिवसभर माझ्या मनात राहिला.

छितकुल पाहून दुपारी परत फिरलो आणि रेकाँग पिओमार्गे कल्प्याला पोहोचलो. किन्नर कैलास ढगात होता. गावातल्या अरुंद गल्लीत वळताना कॅम्परचा मागे लोंबणारा भाग एका कठड्याला लागता लागता राहिला. ती अडचण चाकांची नव्हती, लांबीची होती.

चौथा दिवस : कल्पा ते नाको

खाब येथे सतलज आणि स्पिती यांचा संगम आहे. तिथून नदी सोडून रस्ता का गावाच्या वळणांनी झपाट्याने चढतो. नाकोची उंची सुमारे ३,६०० मीटर आहे. इथपर्यंत टप्प्याटप्प्याने आल्यामुळे कोणालाही विरळ हवेचा त्रास झाला नाही. किन्नौरमार्गे स्पितीत जाण्याचा हा फायदा मोठा आहे, मनालीकडून एका दिवसात वर येणाऱ्यांना तो मिळत नाही.

पाचवा आणि सहावा दिवस : ताबो, धनकर, काझा

नाकोच्या पुढचा, एकेकाळी कुप्रसिद्ध असलेला मलिंग नाला आम्ही फारसे न बोलता ओलांडला. सुमडोची तपासणी चौकी ओलांडल्यावर स्पिती सुरू होते. ताबोचा मठ इसवी सन ९९६ मध्ये स्थापन झाला आणि त्याच्या मातीच्या भिंतींआडची चित्रे पाहण्यात संध्याकाळ गेली. गाडीचा विषय त्या दिवशी निघाला नाही, तो एकच दिवस.

धनकरला जाणारा फाटा आवळ वळणांचा आहे. गुरखा प्रत्येक वळण एका दमात घेत होती आणि कॅम्परला काही वळणांवर एकदा मागे घ्यावे लागत होते. चढावर मागे घेऊन पुन्हा निघताना क्लचचा जळका वास आला, तेव्हा मला फोर बाय फोरपेक्षा त्याच्यासोबत येणाऱ्या लो रेंजचा हेवा वाटला. लो रेंजमध्ये प्रत्येक गिअर आणखी बारीक होतो, चाकांवर जोर वाढतो आणि गाडी क्लच न घासता पावलापावलाने वर सरकते. खरेदीदार अनेकदा या दोन गोष्टी एकच समजतात, पण बाजारात आज अशा कितीतरी गाड्या आहेत ज्यांना चारही चाकांची ओढ आहे पण लो रेंज नाही. ओल्या महामार्गासाठी त्या उत्तम असतील, पण धनकरच्या वळणावर त्यांचाही क्लच किंवा गिअरपेटी कॅम्परएवढीच तापेल.

काझ्याला इंडियन ऑइलच्या पंपावर दोन्ही टाक्या काठोकाठ भरल्या. हा पंप ३,७४० मीटर उंचीवर आहे आणि इथून कुंझुममार्गे मनालीच्या वाटेवर जवळपास दोनशे किलोमीटर दुसरा पंप नाही. इथे इंधनाचा हिशेब केला. गुरखा आकाराने लहान असूनही दोन्ही गाड्यांचे लिटरमागचे अंतर फारसे वेगळे निघाले नाही, कारण तिच्यावर छपरी तंबू आणि सामानाचा ढीग होता. दादांना हा हिशेब रुचला नाही.

सातवा दिवस : लांगझा, हिक्किम, कोमिक

काझ्याच्या वर सुमारे ४,४०० मीटरांवरची ही गावे. हिक्किमचे टपाल कार्यालय १९८३ पासून चालू आहे आणि तिथून पोस्टकार्ड पाठवण्यासाठी रांग लागते. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. टर्बोमुळे डिझेल इंजिन तग धरते, पण टर्बो जागा होईपर्यंतचे ते दोन क्षण, म्हणजे नेमके चढावर निघतानाचे क्षण, मरगळलेले जातात. मी पाण्याची टाकी अर्धी रिकामी करून निघालो होतो आणि ते पन्नास किलो कमी झाल्याचा फरक हाताला कळत होता. फोर बाय फोरची यंत्रणा, म्हणजे ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या आसांना जोर वाटणारी पेटी), पुढचा चालता आस आणि जास्तीचा दांडा, यांचे वजन व्हॅनमध्ये शंभर किलोच्या आगेमागे जाते. ते वर्षभर, कन्याकुमारीच्या रस्त्यावरसुद्धा, सोबत वाहायचे असते.

उतरताना चित्र पालटले. दादांनी गुरखा लो रेंजच्या दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि ब्रेकला पाय न लावता खाली आले. मी पहिल्या गिअरमध्ये उतरत होतो, तरीही प्रत्येक वळणाआधी ब्रेक लागत होता आणि खाली पोहोचेपर्यंत चाकांपाशी हात धरवत नव्हता. गाडी थांबवण्याचे काम चारही चाकांचे ब्रेक करतात, त्यात फोर बाय फोरने काही भर पडत नाही. पण वजनदार गाडी उतारावर आवरण्यासाठी लो रेंज अनमोल आहे. या एका बाबतीत मी दादांशी पूर्ण सहमत झालो.

आठवा दिवस : किब्बर, चिचम, लोसर

किब्बर आणि चिचम यांच्यामधल्या खोल घळीवर २०१७ मध्ये पूल झाला, त्याआधी गावकरी दोरीवरच्या पाळण्यातून ये-जा करीत. पूल ओलांडून हन्साच्या बाजूने लोसरकडे निघालो आणि एका उथळ ओढ्याकाठी मी मनात योजलेला प्रयोग दादांकडून करवून घेतला. ओढ्याबाहेर पडताना सुट्या खडीचा छोटा पण उभा चढ होता. गुरखा त्यांनी केवळ मागच्या चाकांवर, कोणतेही लॉक न लावता, वर घ्यावी अशी माझी विनंती होती. गाडी अर्ध्यावर थबकली. तिरक्या जागी एक मागचे चाक हलके झाले होते आणि तेच फिरत होते. मग त्यांनी फक्त मागचे डिफरन्शियल लॉक लावून पाहिले, तेव्हा ती वर चढली. पुढच्या चाकांची गरजच पडली नाही.

त्यानंतर मी कॅम्पर घातला आणि तो कुरकुरत का होईना, पहिल्या प्रयत्नात वर गेला. याचे कारण कौशल्य नव्हे. कॅम्परचे बरेचसे वजन, म्हणजे पलंग, पाणी, बॅटरी आणि सामान, चालत्या मागच्या आसावर बसलेले असते आणि चढावर ते आणखी मागे सरकते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये नेमके उलट होते, चढ आला की ओढणारी चाके हलकी होतात. म्हणून "टू व्हील ड्राइव्ह" हा एकच शब्द दोन्ही प्रकारांना लावणे मला तेव्हापासून चुकीचे वाटू लागले आहे. कॅम्पर घेणाऱ्याने आधी हे विचारावे की ओढ कोणत्या चाकांवर आहे आणि वजन कोणत्या चाकांवर.

नववा दिवस : कुंझुम आणि चंद्रताल

साडेचार हजार मीटरांहून उंच असलेल्या कुंझुम खिंडीत पहाटेचा गारवा होता. इथल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही गाड्यांनी कुंझुम मातेच्या मंदिराला प्रदक्षिणा घातली. आमच्या मागोमाग हिमाचल परिवहनची बस आली आणि तिनेही प्रदक्षिणा घातली. या बसकडे मी बराच वेळ पाहत होतो. मागच्या आसावर दुहेरी टायर, पोटाखाली भरपूर मोकळी जागा आणि रस्त्याचा दगड न् दगड ठाऊक असलेला चालक एवढ्या भांडवलावर ती उन्हाळ्यात ही खिंड ओलांडते. तिला फोर बाय फोर नाही.

बातलच्या अलीकडे चंद्रतालचा फाटा लागतो आणि सुमारे चौदा किलोमीटरचा तो रस्ता बहुतेक जागी एकाच गाडीपुरता आहे. समोरून गाडी आली की कोणीतरी मागे सरायचे, आणि मागे सरणे लांब गाडीला जड जाते. एका खोलगट पाणवठ्यातून बाहेर पडताना कॅम्परचा मागचा बंपर दगडावर घासला. चाके नीट चालत होती, पकड होती, फक्त मागचा भाग आसाच्या फार मागे लोंबत होता. २००५ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असलेल्या या सरोवराच्या काठावर मुक्कामाला परवानगी नाही. दोन-अडीच किलोमीटर आधीच्या तळावर, या वेळी तोंड उताराकडे करून, गाड्या लावल्या आणि उरलेली वाट चालत गेलो.

दहावा दिवस : बातल, छत्रू, ग्रम्फू, सिस्सू

बातल ते ग्रम्फू हा चंद्रा नदीकाठचा पन्नासेक किलोमीटरचा पट्टा या प्रवासातला सर्वात खडतर भाग होता. रस्ता म्हणजे बऱ्याच ठिकाणी हिमनदीने आणून टाकलेले दगड आणि त्यांच्यामधून वाहणारे पाणी. ऊन चढले की बर्फ वितळून दुपारी नाले फुगतात, म्हणून बातलच्या ढाब्यावर उजाडता उजाडता चहा घेऊन निघालो. छोटा दर्राच्या अलीकडचा नाला पाहण्यासाठी दोघेही उतरलो. पाणी गुडघ्याच्या खाली होते, पण तळ दिसत नव्हता. काठीने चाचपून वाट ठरवली आणि गुरखा पुढे गेली. कंपनी तिची पाण्यात शिरण्याची मर्यादा ७०० मिलिमीटर सांगते आणि पोटाखालची मोकळी जागा २३३ मिलिमीटर. तिला काहीच झाले नाही.

कॅम्परही थांबला नाही, मात्र नाल्याच्या मध्यावर पोटाखालून जोराचा आवाज आला. पलीकडे उतरून पाहिले, तर सांडपाण्याच्या टाकीच्या कोपऱ्यावर दगड बसून चीर पडली होती. दादा म्हणाले, "फोर बाय फोर असती तर हे झाले नसते." मी त्यांना खाली वाकून पाहायला सांगितले. टाकी आसाच्याही खाली लटकवलेली होती. पुढची चाके फिरती असती तरी दगड तिथेच होता आणि टाकीही तिथेच. गुरखाला वाचवले ते तिच्या उंचीने आणि मोठ्या टायरांनी, आणि गंमत अशी की, फोर बाय फोर गाड्या मुळातच उंच बांधल्या जात असल्यामुळे उंचीचे श्रेय लोक चाकांच्या ओढीला देऊन टाकतात. दादांनी टाकी पाहिली, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि मग टाकीला चिकटपट्टी लावण्यासाठी आपले हत्यारांचे पेटारे घेऊन आले.

छत्रूच्या पुढे आणखी एक नाला आणि मग ग्रम्फूजवळ डांबर लागले. त्या क्षणी चौघांच्याही चेहऱ्यावर जो आनंद होता, तो दोन्ही गाड्यांत सारखाच होता. सिस्सूला मुक्काम केला.

अकरावा दिवस : सिस्सू ते मनाली

३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झालेला ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा पार करून मनालीच्या बाजूला आलो. याच बाजूला फोर बाय फोरचा सर्वात बळकट मुद्दा आहे आणि तो दादांनी अगदी शेवटासाठी राखून ठेवला होता. हिवाळ्यात बर्फ पडले की पोलीस सोलंगच्या पुढे बहुधा फक्त फोर बाय फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. आइसलँडमध्ये तर 'एफ' अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांवर फोर बाय फोर नसलेली गाडी नेणे कायद्यानेच मना आहे. जिथे नियमच तसा आहे, तिथे वजन, खर्च आणि इंधनाचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. ज्यांना डिसेंबरात लाहौल गाठायचे आहे, त्यांनी चारही चाकांचीच गाडी घ्यावी, आणि तीही लो रेंजसह.

आम्हाला मात्र डिसेंबरात लाहौलमध्ये राहायचे नाही. तिथे गाडी पोहोचली तरी तिच्या पाण्याच्या नळ्या गोठतील, आणि ज्या गाडीत पाणी नाही तिला घर म्हणणे कठीण आहे. हिवाळ्यात आम्ही कोकण, कर्नाटक आणि कच्छकडे असू. तिथे गाडी अडकली तर वाळूत आणि शेताच्या बांधावर अडकेल, म्हणजे दातेरी फळ्या, हवा कमी-जास्त करण्याचा छोटा पंप आणि ओढपट्टा यांच्या आवाक्यात.

मनालीच्या हॉटेलातल्या टेबलावर पत्नीने कागद पसरला आणि आम्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा आराखडा दुरुस्त करायला घेतला. सांगाडा एक माप आखूड घ्यायचा, म्हणजे झोपण्याची जागा आडवी करावी लागेल. त्यासाठी मी तिरका झोपायला तयार आहे. टायर खडबडीत नक्षीचे आणि पोटाखाली लोखंडी पत्रा. पाण्याची टाकी दोन आसांच्या मध्ये, मागच्या आसाच्या जवळ, आणि सांडपाण्याची टाकी सांगाड्याच्या पट्ट्यांच्या वर, गाडीच्या आत. सांगाडा विकणाऱ्याकडे मागच्या डिफरन्शियलला लॉक कारखान्यातूनच बसवून मिळतो का, हे विचारायचे आणि मिळत असेल तर त्यासाठी छतावरचे वातानुकूलन यंत्र सोडायचे, यावर मात्र एकमत झाले नाही. वहिनींनी विचारले की, मग काझ्याच्या वरच्या गावांना पुढच्या वेळी कसे जाणार. दादांनी गुरखाची किल्ली टेबलावर ठेवली. पत्नी म्हणाली की, काझ्याहून लांगझाला टॅक्सी मिळते आणि तिचा चालक आपल्यापेक्षा चांगला असतो, आणि तिने कागदावर सांडपाण्याच्या टाकीची नवी जागा गिरवायला घेतली.